ब्रेक घरी बसतो, बँडबरोबर सुटतो: फ्यूजन वाजवणाऱ्या पर्कशनिस्टसाठी

तक्रार साधारण अशी असते. घरी कोंग्यावर (हाताने वाजवायच्या उंच ढोलावर) ब्रेक दहा वेळा वाजवला आणि दहाही वेळा बरोबर आला. रिहर्सलला पहिल्या खेपेला ठीक गेला, दुसऱ्या खेपेला शेवटचा ठोका जरासा इकडेतिकडे झाला. कार्यक्रमात नेमका तिथेच घोळ. मग घरी येऊन पुन्हा शंभर वेळा वाजवायचा आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा त्याच जागी अडकायचं. ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे आणि स्वतः इतकी भोगली आहे की तिच्यावर नीट, सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं.

आधी ब्रेक म्हणजे नक्की काय म्हणतोय ते सांगतो. चालू ग्रूव्ह, म्हणजे चालीचा सतत वाजणारा ठेका, सोडून सगळा बँड ठरलेल्या जागी एकत्र ठोके मारतो, मधल्या जागेत पूर्ण शांतता असते आणि लगेच ग्रूव्ह परत सुरू होतो. हे ठोके बहुतेक वेळा मात्रेवर नसतात, मात्रेच्या मधे कुठेतरी असतात. मागे कोणी ठेका धरून बसलेलं नसतं, त्यामुळे एक ठोका हलला तरी शेवटच्या रांगेपर्यंत कळतं. १९७१ साली गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन यांनी न्यूयॉर्कमध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड उभा केला, बिली कोबम ड्रमवर होते, तेव्हापासून सात, दहा, अठरा अशा मात्रांच्या चाली आणि त्यांतले सामुदायिक ठोके हा फ्यूजनचा, म्हणजे जॅझ, रॉक आणि आपलं संगीत यांच्या मिश्रणाचा, कणाच झाला. ड्रमरला निदान हाय-हॅटवर पायाने लय धरून ठेवता येते. आपले दोन्ही हात गुंतलेले असतात आणि मोजायला आपल्याकडे काही उरत नाही. म्हणून आपल्याला वेगळी तयारी लागते.

मी तबल्यावरून कोंगा, बोंगो (लहान जोड-ढोल) आणि कहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी) यांकडे आलो. त्यामुळे खाली बोल (ठोक्यांची तोंडी अक्षरं), सम (आवर्तनाची पहिली मात्रा), दम (मोजलेली मोकळी जागा) हे शब्द येत राहतील. तबला न शिकलेल्यांसाठी दुसरी सोपी युक्तीही दिली आहे.

चूक नक्की कुठे होते?

औषधाआधी निदान. रिहर्सलला फोनवर रेकॉर्डिंग लावा, पण फोन स्वतःच्या वाद्याजवळ ठेवू नका. बेसच्या ॲम्पजवळ ठेवा. स्वतःचा आवाज कमी आणि बँडचा जास्त ऐकू आला पाहिजे. मग ब्रेकच्या आधीचे दोन बार (म्हणजे मात्रांची दोन आवर्तनं) आणि नंतरचे दोन बार धरून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐका, हाताने मात्रा देत.

हे किती महत्त्वाचं आहे ते मला आमच्याच एका चालीने शिकवलं. चाल ७/८ मध्ये, म्हणजे सात मात्रांच्या बारची होती, धरण (मात्रांचे गट) दोन-दोन-तीन असं. ब्रेक दोन बारांचा, म्हणजे चौदा मात्रांचा, आणि ठोके तीन-तीन-तीन-तीन-दोन असे पडायचे. सलग तीन कार्यक्रमांत मी ब्रेकनंतर बँडपासून वेगळा पडलो. मला वाटायचं, मधला एखादा ठोका चुकतोय, म्हणून मी ठोकेच घोटत बसलो होतो. रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा पाचही ठोके जागच्या जागी होते. चूक त्यांच्यानंतर होती. मी ग्रूव्हमध्ये परत येताना दर वेळी बरोबर एक मात्रा उशिरा येत होतो.

कारण शोधायला मग वेळ लागला नाही. सलग चार वेळा तीन मात्रांचा घास घेतल्यावर शरीराला पाचवाही तीनचाच हवा असतो. शेवटचा घास दोनचा आहे हे डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. मी महिनाभर जे घोटलं ते आधीच पक्कं होतं, आणि जे कच्चं होतं त्याला हातही लावला नव्हता.

तेव्हापासून मी कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो: तुम्ही लवकर येता की उशिरा? आणि किती? दर वेळी तेवढ्याच अंतराने उशीर होत असेल तर गटांची बेरीज चुकते आहे, बहुधा शेवटचा गट सवयीने लांबतो आहे. थोडंसं लवकर, आणि दर वेळी वेगळ्या अंतराने येत असाल, तर मधली शांतता तुम्ही गिळता आहात. अगदी अर्धी मात्रा पुढे जाऊन सगळं उलटंपालटं होत असेल तर समच सरकली आहे. कधी बरोबर, कधी पूर्ण कोरं, असं असेल तर तो लयीचा प्रश्न नाही. ब्रेक कोणत्या जागी येतो हेच पक्कं नाही. या चार तक्रारींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. शंभर वेळा वाजवणं हा उपाय यांतल्या एकावरही चालत नाही.

तोंडाने म्हणता येतो का?

वाद्याला हात न लावता ही परीक्षा घ्या. हाताने मांडीवर सरळ मात्रा द्या आणि तोंडाने ब्रेक म्हणा. ठोके बोलांनी, शांतता शांततेने. हात अडखळला, किंवा तोंड थांबल्यावर हातही थांबला, तर ब्रेक तुम्हाला अजून आलेला नाही. तुमच्या हातांना फक्त हालचालींची रांग पाठ झाली आहे. ती रांग घरच्या शांततेत चालते. ड्रमरने आधीचा फिल (ग्रूव्हमधला छोटा भरीव तुकडा) जरा वेगळा घेतला की तिचा धागा तुटतो.

तबल्याच्या वर्गात याला पढंत म्हणतात. आमचे गुरुजी नवा कायदा (तबल्याची ठरीव बोलरचना) दिला की आठवडाभर तबल्याला हात लावू द्यायचे नाहीत. "आधी म्हणून दाखव, ताल देऊन म्हण." तेव्हा ते जाचक वाटायचं. पण हात ताल देतो आणि तोंड बोल म्हणतं तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी मनात राहतात: ठोका कुठे आहे आणि तो कशाच्या तुलनेत तिथे आहे. फ्यूजनच्या ब्रेकमध्ये नेमकी दुसरी गोष्ट निसटत असते.

या संगीतातल्या मोठ्या माणसांनी हाच रस्ता धरला. शक्ती या बँडमध्ये तबलावादक झाकीर हुसेन आणि घटम् वाजवणारे विक्कू विनायकराम यांच्याबरोबर वाजवलेल्या मॅकलॉफलिन यांनी पुढे कंजिरावादक सेल्वागणेश यांच्याबरोबर कोन्नक्कोल, म्हणजे दाक्षिणात्य पद्धतीने तोंडी ताल म्हणणं, शिकवणारी डीव्हीडी काढली. गिटार वाजवणाऱ्या माणसाला हे शिकवावंसं वाटलं, यातच सगळं आलं. मुंबईत वाढलेले, ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, पर्कशनिस्ट त्रिलोक गुर्टू कार्यक्रमात बोल म्हणता म्हणता वाजवतात ते ऐका. त्यांच्या तोंडातलं आणि हातातलं वेगळं काढता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. चार मात्रांचा एक बार, प्रत्येक मात्रेचे चार भाग, म्हणजे एकूण सोळा. त्यात ही तिहाई, म्हणजे तीनदा म्हणायचा एकच तुकडा, बसते (ऽ म्हणजे दम):

ता दि गि न थों ऽ ता दि गि न थों ऽ ता दि गि न | थों

पाच बोल, एक दम, पाच बोल, एक दम, पुन्हा पाच बोल. शेवटचा थों पुढच्या बारच्या समेवर. पायाने चार मात्रा देत हे सावकाश म्हणा आणि थों कुठे येतो तेवढंच बघा. पहिला थों दुसऱ्या मात्रेवर, पायाबरोबर. दुसरा थों तिसऱ्या मात्रेच्या मधोमध, पाय वर असताना. तिसरा समेवर. तिसऱ्या वेळचा 'ता' नेमका चौथ्या मात्रेवर सुरू होतो, हा एक मोठा आधार आहे. एवढ्या तीन-चार जागा पायाशी बांधल्या की मधलं आपोआप सांभाळलं जातं.

आता फ्यूजनवाले याच तिहाईचं काय करतात ते बघा. ती जशीच्या तशी उचलतात आणि अर्धी मात्रा आधी सुरू करतात. म्हणजे आधीच्या बारच्या चौथ्या मात्रेच्या मधून. बोल तेच, दम तेच. पण आता पहिला थों पहिल्या मात्रेच्या मधोमध येतो, दुसरा तिसऱ्या मात्रेवर बरोबर पायाखाली, आणि तिसरा चौथ्या मात्रेच्या मधे. त्यानंतरची सम मोकळी, किंवा तिथूनच ग्रूव्ह सुरू. हाताने हालचाली पाठ केलेल्या माणसाला या दोन्ही तिहाया एकच वाटतात. पायाशी बांधून म्हणणाऱ्याला त्या दोन वेगळ्या चिजा असतात. दोन्ही पाठोपाठ दहा मिनिटं म्हणून बघा. वाद्यावर तासभर घालवून जे येत नाही ते इथे येतं, हे मी खात्रीने सांगतो.

बोल येत नसतील तर गावांची नावं घ्या. दोनच्या गटाला 'पुणे', तीनला 'पंढरी', चारला 'रत्नागिरी', पाचला 'कन्याकुमारी'. सगळी अक्षरं सारख्या वजनाने, यंत्रासारखी म्हणायची. सोळा भागांत तीन-तीन-तीन-तीन-दोन-दोन असा ब्रेक आला तर 'पंढरी पंढरी पंढरी पंढरी पुणे पुणे', आणि प्रत्येक नावाच्या पहिल्या अक्षरावर ठोका. पाय चालू ठेवलात तर लक्षात येईल की चौथी मात्रा पहिल्या 'पुणे'वर येते. माझा तो ७/८ चा ब्रेक 'पंढरी पंढरी पंढरी पंढरी पुणे' होता. दुसऱ्या बारची सम तिसऱ्या पंढरीच्या 'ढ'वर पडते. हे एकदा कळलं आणि मी 'ढ'ला मान हलवायला लागलो. मग शेवटच्या 'पुणे'ला ओढून पंढरी करायची सवय चार दिवसांत गेली.

शांततेला बोल द्या

शांतता गिळणाऱ्यांची संख्या सगळ्यात जास्त आहे. आवाज बंद झाला की मन घाबरतं आणि पुढच्या ठोक्याकडे धाव घेतं. तबल्यात दमदार तिहाईतल्या मोकळ्या जागेला दम हा शब्द आहे तो किती नेमका आहे बघा. तिथे श्वास घ्यायचा असतो. ती जागा मोजलेली असते.

उपाय दोन टप्प्यांत. पहिल्यांदा सगळ्या मोकळ्या जागा हळू ठोक्यांनी भरून वाजवा: बोटांच्या टोकांनी, अगदी पुसट, सोळाच्या सोळा भाग. ब्रेकचे ठोके तेवढे मोठे. असं पंधरा-वीस वेळा झालं की पुसट ठोके कातड्यावरून काढून मांडीवर आणा. मग मांडीवरूनही काढा आणि फक्त जिभेने, ओठ मिटून, चालू ठेवा. स्टेजवर मी आजही दमाच्या जागी जीभ टाळ्याला लावत असतो. कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही.

मोठी शांतता असेल, म्हणजे एक पूर्ण बार किंवा जास्त, तर मोजू नका, गा. ब्रेकची लय बहुतेक वेळा बेस किंवा कीबोर्डच्या ओळीतून आलेली असते. ती ओळ गुणगुणता आली तर लय वेगळी पाठ करावी लागत नाही, कारण वर जाणारे आणि खाली येणारे सूर ठोक्यांना धरून ठेवतात. आपण पर्कशनवाले सुरांकडे दुर्लक्ष करतो आणि स्वतःचं काम दुप्पट करून घेतो. रिटर्न टू फॉरएव्हरसारख्या फ्यूजन बँडचे एकसाथ वाजणारे तुकडे तर सुरांशिवाय पाठ करायच्या भानगडीत पडूच नका. आधी ते गाता आले पाहिजेत, अगदी बेसूर का होईना.

तबल्यावरून आलेल्यांची खास अडचण: सात मात्रा

ही अडचण इंग्रजीतल्या धड्यांमध्ये सापडत नाही, म्हणून जरा थांबून लिहितो. आपल्या अंगात सात मात्रा म्हणजे रूपक ताल. तीं तीं ना, धी ना, धी ना. धरण तीन-दोन-दोन, आणि शिवाय पहिल्याच मात्रेवर 'खाली', म्हणजे टाळी नसलेली जागा. म्हणजे सम हलकी, बायाँचं (डाव्या हाताच्या डग्ग्याचं) वजन नंतर येतं. फ्यूजनमध्ये ७/८ ची चाल बऱ्याचदा दोन-दोन-तीन अशी असते आणि पहिल्या मात्रेवर बास ड्रम आणि बेस दोघेही पूर्ण वजन टाकतात. मोजणी दोन्हीकडे सातच, म्हणून आपल्याला वाटतं की आपल्याला हे येतंय. ग्रूव्ह वाजतोही नीट. ब्रेक आला की मात्र अंगातला रूपक वर येतो आणि पाचव्या मात्रेवरचा ठोका चौथ्यावर पडतो.

यावर मला लागू पडलेला उपाय असा: 'पंढरी पुणे पुणे' आणि 'पुणे पुणे पंढरी' हे आलटून पालटून म्हणायचे, चार-चार आवर्तनं, टाळी फक्त पहिल्या मात्रेवर. बदलताना लय हलता कामा नये. मग दुसऱ्या प्रकारात पहिल्या मात्रेवर मुद्दाम जोरात पाय आपटायचा. रूपकची हलकी सम अंगातून तात्पुरती बाजूला ठेवायला हे आपटणं लागतंच. दहा मात्रांचंही तसंच. झपताल दोन-तीन-दोन-तीन आहे, समोरची चाल तीन-तीन-दोन-दोन असू शकते. नवी चाल हातात आली की पहिला प्रश्न मात्रा किती हा नसतो, गट कसे हा असतो. तो बँडला सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा काही नाही.

सम सरकते तेव्हा

ब्रेकचा पहिला ठोका समेच्या अर्धी मात्रा आधी असेल, आणि लॅटिन वळणाच्या चालींत तो बऱ्याचदा तसा असतो, तर कान फसतो. सगळ्या बँडचा एकत्र, मोठा ठोका ऐकला की कानाला तीच सम वाटते. तिथून पुढचं सगळं अर्धी मात्रा आधी जातं. गंमत म्हणजे तुमचे ठोके आपसात अगदी बरोबर असतात, त्यामुळे चुकल्याची जाणीवही होत नाही.

घरी हे असं तपासा: मेट्रोनोम लावा आणि क्लिक मात्रेवर नाही, दोन मात्रांच्या मधे आहे असं मानून ब्रेक म्हणा. म्हणता आला तर तुमची सम तुमच्या आत आहे. क्लिकने तुम्हाला ओढून स्वतःकडे नेलं तर ती बाहेरच्या आवाजावर टेकलेली आहे. सुरुवातीला हे सगळ्यांनाच जड जातं. मिनिटाला साठ क्लिकच्या वेगाने सुरू करा.

रियाजासाठी एवढंच करा: ब्रेकचा तो पहिला ठोका हाताने मारा आणि लगेच पुढची सम टाचेने द्या. फक्त हे दोनच. ठोका, टाच. ठोका, टाच. आधी दोन बार ग्रूव्ह, मग ठोका-टाच, मग पुन्हा ग्रूव्ह. बाकीचा ब्रेक वगळा. पुढचे सगळे ठोके टाचेशी नातं ठेवून असतात, त्या पहिल्या मोठ्या ठोक्याशी नाही.

ब्रेक नेहमी ग्रूव्हमधून आत जाऊन आणि ग्रूव्हमध्ये बाहेर पडून वाजवा, हा माझा आग्रह सगळ्याच प्रकारांसाठी आहे. नुसता ब्रेक घोटणं म्हणजे दोन्हीकडचे रस्ते न बांधता मधला पूल बांधणं.

विसरलो नव्हतो, हात मोकळा नव्हता

हे फक्त आपल्याच लोकांच्या नशिबी येतं. ड्रमरच्या हातात काड्या असतात आणि त्या तशाच राहतात. आपल्या उजव्या हातात शेकर (हलवून वाजवायचा खुळखुळा), डाव्या हाताखाली कोंगा, आणि ब्रेकचा पहिला ठोका बोंगोवर. शेकर ठेवायला अर्धी मात्रा जाते आणि ती अर्धी मात्रा ब्रेकमधून जाते. बाहेरून हे विसरल्यासारखंच दिसतं. माझ्या एका मित्राने याच कारणासाठी आठवडाभर एक ब्रेक घोटला, आणि अडचण सुटली ती टेबलावर जाड टॉवेल घालून, शेकर एक बार आधीच सोडून.

म्हणून प्रत्येक ब्रेकच्या आधी स्वतःला विचारा: हात कुठे आहेत, त्यांत काय आहे, पहिला ठोका कोणत्या हाताचा, शेवटचा ठोका कोणत्या हातावर संपतो आणि तो हात ग्रूव्हच्या पहिल्या ठोक्याला मोकळा आहे का. शेवटी चुकीचा हात उरत असेल तर ब्रेकच्या मधे कुठेतरी एकाच हाताने सलग दोन ठोके घ्या आणि ती जागा ठरवून टाका. ऐन वेळी ठरवायचं असं काही ठेवू नका. चालू ब्रेकमध्ये वाद्य बदलायचा मोह तर पहिले पाच-सहा कार्यक्रम टाळाच. एकाच कोंग्यावर नीट बसलेला ब्रेक चार वाद्यांवर फिरवून सांडलेल्या ब्रेकपेक्षा बँडला शंभर पटीने हवा असतो.

जुळ्या ब्रेकची भानगड

एकाच चालीत दोन ब्रेक असतात, सुरुवात सारखी, शेवट वेगळा. यात पूर्ण ब्रेक दोन्ही घोटून उपयोग होत नाही, कारण सारखा भागच जास्त घोटला जातो. ज्या ठोक्यापासून ते वेगळे होतात तिथूनच दोन्ही सुरू करा, आलटून पालटून. आणि त्यांना नावं द्या. आम्ही एकाला 'लांब' आणि दुसऱ्याला 'तुटका' म्हणतो. रिहर्सलला कोणीही "तुटक्यापासून घेऊ" म्हटलं की सगळे एकाच जागी येतात.

ब्रेक कधी येणार याची खूण ड्रमरच्या फिलवर टाकू नका. चांगला ड्रमर रोज वेगळा फिल घेतो. खूण मुख्य सुरावटीत शोधा, ती रोज तीच असते.

वेग

चाल १३२ ची असेल तर ब्रेक ८० ला म्हणता आला पाहिजे आणि १४५ लाही. जोरात येणारा ब्रेक सावकाश येत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण सावकाश वाजवताना शांतता लांबते आणि हाताची सवय मदतीला येत नाही. खरं काय येतंय ते तिथे कळतं. वरचा वेग अशासाठी की स्टेजवर बँड धावतो. मूळ रेकॉर्डिंग ऐकून शिकत असाल तर यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ करून ऐकता येतं, सूर बदलत नाही. पण त्या आवाजाबरोबर फार काळ वाजवत बसू नका. चार-पाच वेळा ऐका, बंद करा, म्हणून बघा, मग पुन्हा लावून ताडून बघा.

वहीत लिहून काढणं मी कधी चुकवत नाही. छापील चार्टमध्ये तीन-तीनचे गट बारच्या रेषेवरून जाताना अशा काही कमानींनी जोडलेले असतात की डोळ्यांना गट दिसतच नाहीत. पेन्सिलने गटांभोवती कंस करा, वर बोल लिहा, मोकळ्या जागी ऽ. आणि हे सगळं रोज दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्री झोपण्याआधी एकदा नुसती पढंत करा. झोपेत हातांचं शिक्षण पक्कं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र नवं काही घोटू नका. गाडीत बसल्यावर ताल देत दोनदा म्हणा आणि सोडून द्या.

इतकं करूनही एखाद्या दिवशी स्टेजवर ब्रेक सुटेल. सुटला की हात पूर्ण थांबवा. अंदाजाने ठोके मारत राहिलात तर बाजूचा ड्रमरही हलतो. टाच चालू ठेवा, डोळे बेस वाजवणाऱ्याच्या उजव्या हातावर न्या, ग्रूव्हची पहिली सम त्याची त्याला जाऊ द्या आणि दुसऱ्या समेला शेकर घेऊन हळूच आत या. कोंग्यावर तिसऱ्या समेला.